जुन्या दुर्बिणीची कड

दिवाळी संपून हवेत गारवा आला की आमच्या घरचा फोन वाजू लागतो. ‘सर, दुर्बीण कुठली घेऊ?’ शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि या पानावर पक्ष्यांविषयी लिहू लागलो, तेव्हापासून हा प्रश्न दर हिवाळ्याला ठरलेला. पूर्वी विचारणाऱ्यांचे बजेट आठ-दहा हजारांचे असे. अलीकडे मात्र वेगळे फोन येतात. ‘एक जुनी स्वारोवस्की मिळतेय’, ‘झाइसची सेकंडहँड बघून ठेवलीय’, ‘लायका घेऊ का?’ नव्या दुर्बिणीला दीड-दोन लाख कोण घालणार? निम्म्या किमतीत जुनी मिळत असेल तर मोह होणारच. आणि मग शेवटचा प्रश्न हमखास हाच असतो : ‘सर, पण कडेपर्यंत स्पष्ट दिसतं का हो?’

आज त्या कडेविषयीच लिहितो. त्यात माझी एक कबुलीही आहे. ती शेवटी येईल.

आधी कड म्हणजे काय ते बघू. दुर्बिणीतून बघताना आपल्याला एक गोल दिसतो. साध्या दुर्बिणीत या गोलाचा मधला भाग लख्ख दिसतो आणि कडेकडे जावे तसे चित्र मऊ होत जाते, पुसट होते. त्याचे एक मोठे कारण असे, की भिंगाने तयार होणारे चित्र ताटासारखे सपाट नसते, परातीसारखे किंचित खोलगट असते. परातीचा तळ फोकसमध्ये आणला की काठ फोकसमधून सुटतो. काठ आणला की तळ सुटतो. महागड्या दुर्बिणींतल्या काहींमध्ये ही परात सपाट करणारी जादा भिंगे डोळ्याकडच्या बाजूला बसवलेली असतात. त्यामुळे मध्य आणि कड एकाच वेळी स्पष्ट दिसतात.

दुसरे कारण जरा चिवट. कडेकडून तिरपे येणारे किरण एका बिंदूत नीट जमत नाहीत. ठिपक्याची रेघ होते, नाहीतर फुली. यालाच दृष्टिवैषम्य किंवा अ‍ॅस्टिग्मॅटिझम म्हणतात. या दोन दोषांतला फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. कडेची वस्तू पुसट दिसली की फोकसचे चाक थोडे फिरवायचे. वस्तू स्पष्ट झाली तर दोष परातीचा. चाक कितीही फिरवून ती स्पष्ट होत नसेल तर दोष दुसरा. परातीचा दोष सोसता येतो, दुसरा जास्त खटकतो.

जुन्या बाजारात जी नावे फिरतात त्यांची थोडी माहिती हवी. ऑस्ट्रियाच्या स्वारोवस्कीची ‘ईएल’ दुर्बीण १९९९ साली आली. पण तिच्यात परात सपाट करणारी भिंगे आली ती पुढे, २०१० च्या सुमारास, ‘स्वारोव्हिजन’ या नावाने. म्हणजे ‘ईएल’ एवढेच ऐकून भागत नाही, कुठली ईएल ते विचारायला हवे. निकॉनची ‘ईडीजी’ही कडेपर्यंत स्वच्छ असलेल्यांपैकी. २००४ साली आलेल्या झाइस ‘व्हिक्टरी एफएल’चा मधला भाग अतिशय सुंदर, रंगांच्या झालरी जवळजवळ नाहीत, पण कड मऊ. लायकाची ‘अल्ट्राव्हिड’ या दोन टोकांच्या मधली. २०२० साली स्वारोवस्कीची ‘एनएल प्युअर’ आली, तेव्हापासून जुनी ईएल विकून नवी घेणारे हौशी भेटू लागले. आपल्यासारख्यांना संधी मिळते ती त्यांच्यामुळे.

आता खरा प्रश्न. कड इतकी हवी कशाला? दांडेलीच्या जंगलात उंबरावर धनेश बसला आहे. तुम्ही त्याला गोलाच्या मध्यावरच आणणार. कडेला पाने पुसट असली तर बिघडले कुठे? पण गदग जिल्ह्यातल्या मागडीच्या तळ्यावर थंडीत जा. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस पाण्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले असतात. दुर्बीण स्थिर धरून नजर फिरवायची आणि मोजायचे. तिथे कड उपयोगाला येते. रात्री कृत्तिकांचा पुंजका बघतानाही येते, कारण गोलाच्या कडेला असलेल्या चांदण्यांचे ठिपके राहिले की शेपट्या फुटल्या हे लगेच कळते. तेव्हा आपण बघणार काय, हे आधी ठरवावे आणि मग कडेसाठी पैसे मोजावेत.

सपाट चित्राचीही एक किंमत असते. अशा काही दुर्बिणी आडव्या फिरवल्या की चित्र एखाद्या मोठ्या चेंडूवर चिकटवल्यासारखे गरगरते. सगळ्यांना हे जाणवत नाही. पण ज्याला जाणवते त्याला मळमळते. हे कागदावर कुठे लिहिलेले नसते, स्वतः बघितल्यावरच कळते.

आता माझी गोष्ट.

गेल्या डिसेंबरात हुबळीला एक ईएल स्वारोव्हिजन, ८.५ बाय ४२, विकायची आहे असे कळले. विकणारा एक तरुण. दुर्बीण त्याच्या वडिलांची. वडील जाऊन वर्ष झाले होते आणि घरात पक्ष्यांचा नाद दुसऱ्या कुणाला नव्हता. किंमत पंचाण्णव हजार. माझी दहा वर्षांची इच्छा आणि निवृत्तीच्या पैशातला बाजूला ठेवलेला एक तुकडा, दोन्ही एका ठिकाणी येत होते. रविवारी सकाळची बस धरली. आमच्या सौ.चे माहेर धारवाड, त्यामुळे त्याही बरोबर निघाल्या. ‘तुमचं होईस्तोवर मी आईकडं जाऊन येते’ म्हणून धारवाडला उतरल्या.

जुनी दुर्बीण बघायचा एक क्रम आहे, तो मी पाठ करून गेलो होतो. पहिल्यांदा दोन्ही नळ्यांची समांतरता. लांबच्या घराच्या छपराची आडवी रेघ बघायची आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू वीतभर लांब न्यायची. दोन्ही नळ्यांत रेघ एकाच उंचीवर राहायला हवी. एकीत वर, दुसरीत खाली दिसली तर दुर्बीण कधीतरी आपटली आहे. अशी दुर्बीण पाच मिनिटांत डोके दुखवते, तिची कड कितीही चांगली असो. दुसरी तपासणी बुरशीची. खानापूर, जांबोटी, चोर्ला या बाजूला पावसाळा काढलेल्या दुर्बिणीत ही नक्की बघावी. पुढच्या भिंगातून तिरपा बॅटरीचा उजेड टाकला की आतली बुरशी कोळ्याच्या धाग्यासारखी दिसते. तिसरे, चाक सगळीकडे एकसारखे फिरते का, मध्ये सैल पडते का. चौथे, उजव्या डोळ्याच्या नंबराची जुळणी नीट होते का. ती न करता बघितले तर एक नळी उगाचच वाईट वाटते. मग मध्य, आणि सगळ्यात शेवटी कड.

पहिल्या चार परीक्षांत ती दुर्बीण पैकीच्या पैकी गुण घेऊन पास झाली. चामडी पट्टा, झाकणे, पुसायचे फडके, सगळे जागच्या जागी होते. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या होत्या आणि प्रत्येक पुडीवर बदलल्याची तारीख लिहिलेली होती.

कडेची परीक्षा घ्यायला आम्ही गच्चीवर गेलो. समोर दूरवर एका मठाची कन्नड पाटी होती. यापेक्षा चांगली पाटी शोधून सापडली नसती. कन्नडमधला ‘ठ’ म्हणजे पोटात टिंब असलेला ‘र’. टिंब दिसले तर ‘मठ’, पुसले गेले तर ‘मर’, म्हणजे झाड! दुर्बीण गच्चीच्या कठड्यावर टेकवून स्थिर केली. हातात धरून कड तपासू नये, हाताच्या कंपात सगळेच पुसट होते. आधी पाटी मध्यावर आणून फोकस केला. मग चाकाला हात न लावता दुर्बीण हलवून पाटी डाव्या कडेला नेली. मठ. उजव्या कडेला. मठ. वरच्या कडेला, मठच. खालच्या कडेला नेली आणि टिंब गेले. मर.

पुन्हा बघितले. पुन्हा मर. एक डोळा झाकून एकेका नळीतून बघितले. दोन्हींत खालची कड मऊ.

मी त्या मुलाला म्हणालो, “खालची कड बिघडलीय हो. कधी पडली होती का?”

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “इल्लरी सर, अप्पा इदन्न ओम्मेनू केळग केडविल्ल.” वडिलांनी ही एकदाही खाली पाडली नाही.

मी तीस वर्षे मुलांना प्रकाशाचा धडा शिकवलेला माणूस. मी त्याला समजावून सांगितले, की परातीचा दोष असता तर चारी बाजूंना सारखा दिसला असता. एकाच बाजूची कड जाते तेव्हा आतले भिंग तिरके झालेले असते आणि भिंग तिरके होते ते आपटल्यावर. म्हणालो ते पुस्तकात बरोबरच आहे. त्याला यातले काही कळत नव्हते. तो आत जाऊन आईशी बोलून आला आणि दहा हजार कमी केले. पंच्याऐंशी हजारांना व्यवहार झाला. निघताना त्याची आई दारापर्यंत आली होती. काही बोलली नाही.

बसमध्ये सौ.ना मी मोठ्या ऐटीत सांगितले, की तज्ज्ञ माणूस गेला की दहा हजार वाचतात. त्या एवढेच म्हणाल्या, “त्या पुड्यांवर तारखा लिहिणारा माणूस दुर्बीण पाडून गप्प बसेल होय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या टिळकवाडीच्या गच्चीवर मुलीला दुर्बीण दाखवली. समोरच्या इमारतीवरची पाटी तिने चारी कडांना नेऊन बघितली. “बाबा, सगळीकडं एकसारखंच दिसतंय की.” मला वाटले, तरुण डोळा आहे. तरुण डोळ्यातले भिंग लवचीक असते, ते परातीचा दोष बराचसा स्वतःच सावरून घेते. पंचविशीतल्या माणसाने ‘कडेपर्यंत झकास’ म्हणून दिलेली ग्वाही साठीच्या माणसाला लागू पडत नाही, ती याचमुळे. पण दोष माझ्या म्हणण्याप्रमाणे तिरक्या भिंगाचा होता. तो तिला दिसायलाच हवा होता.

मग जे हुबळीत करायला हवे होते ते केले. दुर्बीण उलटी धरली, वरची बाजू खाली. दोष दुर्बिणीत असेल तर आता तो वरच्या कडेला जायला हवा. नाही गेला. वरची कड स्वच्छ, खालची मऊ. दुर्बीण उलटी झाली तरी दोष आपली जागा सोडत नव्हता. म्हणजे दोष दुर्बिणीत नव्हता. दुर्बिणीच्या अलीकडे जे होते, त्यात होता.

मी चष्मा काढला. डोळ्याकडच्या रबरी वाट्या फिरवून बाहेर काढल्या, फोकस पुन्हा केला. चारी बाजूंना लख्ख. खालच्या अगदी टोकापर्यंत.

वाचकांच्या लक्षात आले असेल. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. वरच्या भागात लांबचा नंबर, खालच्या भागात वाचायचा. गोलाच्या खालच्या कडेकडे बघायला डोळा खाली वळला की नजर चष्म्याच्या वाचायच्या भागातून जाते आणि लांबची पाटी पुसट होते. दोन्ही नळ्यांची नेमकी खालचीच कड एकसारखी बिघडावी, हे आपटलेल्या दुर्बिणीत सहसा होत नाही. हे मला तिथल्या तिथे सुचायला हवे होते. सुचले नाही, कारण मला किंमत कमी करून हवी होती. दोष सापडल्यावर मी तो पडताळला नाही, लगेच वापरला.

नाश्त्याच्या वेळी सौ.ना सगळे सांगितले. मी म्हणालो, “व्यवहार तर झाला. त्यानं राजीखुशीनं दिली.” हे बोलतानाच मला ते पटत नव्हते. पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, “अवर रोक्क अवरिगे कोट्टबिडरी.” गोष्ट पक्की ठरलेली असली की आमच्या सौ. कन्नडमध्ये बोलतात, त्यावर अपील नसते.

मी हुबळीला फोन लावला. काय झाले ते पहिल्यापासून सांगितले, चष्म्यासकट. दहा हजार त्याच दिवशी बँकेतून पाठवले. तो मुलगा पैशाविषयी काहीच बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “सर, म्हणजे अप्पांनी पाडली नव्हती. आईला सांगतो. ती कालपासून तेच घेऊन बसलीय.”

तिथे माझ्या लक्षात आले की मी त्या घरातून दहा हजारांपेक्षा जास्त काहीतरी उचलून आणले होते.

तेव्हा, जुनी भारी दुर्बीण बघायला जाणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. कड चारी बाजूंना तपासा आणि दुर्बीण उलटी धरून पुन्हा तपासा. दोष दुर्बिणीबरोबर फिरला तर तो दुर्बिणीचा, जागेवर राहिला तर तुमच्या डोळ्याचा किंवा चष्म्याचा. चष्मा लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे बघा. नुसता लांबचा-जवळचा नंबर असेल तर दुर्बिणीचे चाक तो सांभाळून घेते. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा ठेवावाच लागतो. अशांनी प्रोग्रेसिव्हऐवजी फक्त लांबच्या नंबराचा एक साधा चष्मा दुर्बिणीसाठी करून घ्यावा, तो कडेसाठी मोजलेल्या जादा पैशांपेक्षा स्वस्त पडतो. शक्य असेल तर घरातला एक तरुण डोळा आणि एक आपल्या वयाचा डोळा बरोबर न्या. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही, गमतीतसुद्धा, वळवू नका.

पाचवी गोष्ट, दोष सापडला की लगेच भाव करू नका. आधी तो खरा आहे का ते बघा. विकणाऱ्याला यातले बहुतेक वेळा काही कळत नसते, आपण सांगू ते तो खरे मानतो. म्हणून तर जास्त जपून सांगायला हवे.

जानेवारीत आम्ही दोघे गोकाक तालुक्यातल्या धुपदाळला गेलो, घटप्रभेच्या पक्षिधामावर. सकाळचे धुके नुकतेच वर उठत होते. मी सवयीने लांबच्या काठावरचे झाड गोलाच्या खालच्या कडेला नेऊन बघत बसलो होतो. बराच वेळ झाल्यावर शेजारून आवाज आला, “अंचु साकु, हक्कि नोडरी.” आणि दुर्बीण माझ्या हातातून गेली, ती परतीच्या बसपर्यंत काही परत मिळाली नाही.